सर आर्चिबाल्ड गॅरड

सर आर्चिबाल्ड गॅरड यांचा जन्म लंडन येथें १८५७ सालीं झाला. वडील नामांकित डॉक्टर. मुलानेंही तोच मार्ग धरिला.

बालरुग्णालयांत काम करीत असतां एक चमत्कारिक विकार त्यांच्या दृष्टीस पडला. अशा मुलाचें मूत्र हवेंत राहिलें कीं काळें पडे. यास अल्कॅप्टोन्युरिया म्हणतात. हा जंतूंचा उपद्रव असावा, असा कित्येकांचा तर्क होता. गॅरड यांस तो पटेना. १९०१ सालीं अशाच एका घरीं नवें मूल जन्मास यावयाचें होतें. दुपट्यांवर नीट नजर ठेवावी, असें त्यांनीं परिचारिकेस सांगून ठेविलें. तिसरे दिवशीं डाग दिसला! दोष उपजतच होता. दुपट्याच्या या साक्षीस कोणत्याही मोठ्या उपकरणाहून कमी कसें लेखावें?

त्या मुलाचे आईबाप एकाच आजोबांचीं नातवंडें होतीं. इतर कुटुंबांतही असेंच नातें वारंवार आढळलें. मठवासी मेंडेल यांनीं वाटाण्यांवरून काढलेला नियम येथें लागतो, हें बेटसन यांनीं सुचविलें व १९०२ सालीं गॅरड यांनीं तें प्रसिद्ध केलें. शरीरांत अन्नाचें रूपांतर पायरीपायरीनें होतें; एका पायरीचें एन्झाइम नसलें कीं अर्धवट पदार्थ तेथेंच सांचतो, असें त्यांनीं पुढें प्रतिपादिलें.

पहिलें महायुद्ध व त्यामागून आलेला इन्फ्ल्युएंझा यांत त्यांचे तिन्ही पुत्र गेले. तरीही १९२० सालीं त्यांनीं ऑक्सफर्ड येथें प्राध्यापकपद पत्करिलें. १९३६ सालीं ते वारले. यकृतांत तें एन्झाइम खरोखरच नसतें, हें प्रत्यक्ष सिद्ध व्हावयास १९५८ साल उजाडलें.