मोजका बार : जिम कॉर्बेट यांचे चरित्र

नोकरीनिमित्त उत्तर भारतात आलेल्या आम्हां मराठी मंडळींना कुमाऊँचे डोंगर लवकरच परिचयाचे होतात आणि त्यांबरोबर जिम कॉर्बेट हे नावही. नरभक्षक वाघांचा कर्दनकाळ म्हणून ते सर्वश्रुत आहेत. बंदुकीच्या दारूने त्यांना बालपणी दिलेला धडा मात्र क्वचितच सांगितला जातो. आम्हांस तो अधिक मोलाचा वाटतो.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. १८८१ मध्ये ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. हिवाळ्यात हे कुटुंब कालाढुंगीस उतरे. तेथील अरण्य ही जिमची दुसरी शाळा झाली. गलोल व धनुष्यबाण यांच्यानंतर त्याच्या हाती ठासणीची एक जुनी दुनळी आली. कोणीतरी बेसुमार दारू भरल्याने तिची एक नळी फाटलेली होती. नळ्या आणि दस्ता पितळी तारेने आवळलेले होते.

अशा बंदुकीचा बार दर खेपेस स्वतःच भरावा लागे. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू मापून नळीत ओतायची, गजाने ठासायची, मग छर्रे सोडायचे. माप चुकल्यास काय होते, याची साक्ष ती फाटकी नळीच देत होती. शिवाय घरची परिस्थिती बेताची असल्याने दारू एकाच नळीपुरती लागते, हेही भाग्यच! नेम पक्का झाल्याखेरीज घोडा ओढायचा नाही, ही सवय तेथेच जडली.

१८८९ मध्ये इंग्लंडात कॉर्डाइट ही बिनधुराची दारू निघाली, तेव्हा मापाचे महत्त्व अधिकच वाढले. या नव्या जातीच्या दारूचा जोर काळ्या दारूहून कितीतरी अधिक. जुन्याच मापाने ती भरल्यास नळी फुटून हात वा डोळे जाण्याचे भय. घरी काडतुसे भरणाऱ्या शिकाऱ्यांना म्हणूनच दोन्ही दारूंची मापे कटाक्षाने वेगळी ठेवावी लागत.

पुढे कॉर्बेट यांनी मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार वीसहून अधिक वर्षे सांभाळली. १९०७ मध्ये, ४३६ बळी घेणाऱ्या चंपावतच्या वाघिणीसमोर ते उभे राहिले तेव्हा त्यांच्यापाशी अवघी तीन काडतुसे होती. ती संपल्यावर त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची जुनाट बंदूक घेतली आणि अखेरचा बार काढला. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्याही त्यांनी मारला. त्याच्या नावावर १२५ बळी होते.

उत्तरायुष्यात मात्र बंदुकीपेक्षा कॅमेराच त्यांना प्रिय झाला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी मनःपूर्वक खटपट केली. १९४७ मध्ये ते केनियात गेले व १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे निवर्तले. पुढे उद्यानास त्यांचे नाव मिळाले आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा आरंभही तेथूनच झाला.

हाती सामर्थ्य आले तरी माप सोडू नये, हे त्या फाटक्या नळीने एका पोरक्या मुलास शिकवले. त्याने ते जन्मभर पाळले, म्हणूनच शिकाऱ्याचे नाव अभयारण्यास शोभले, असे आम्हांस वाटते.