उडत्या क्षणांचा छांदिष्ट : झाक आन्री लार्तिग

एखाद्या गोष्टीची हौस असणे वेगळे आणि त्या गोष्टीवर पोट भरणे वेगळे, असे वडीलधारी माणसे आपल्याला नेहमी बजावत असतात. ज्यातून चार पैसे मिळत नाहीत तो छंद म्हणजे वेळेचा अपव्यय, हा विचार त्यामागे असतो. अशा वेळी मला झाक आन्री लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराची आठवण होते. विमाने आकाशात झेपावू लागली त्या काळात हा मुलगा हातात कॅमेरा घेऊन मैदानाच्या कडेला उभा होता. त्याला तेथे कोणी पाठवले नव्हते. त्याबद्दल त्याला कोणी वेतनही देत नव्हते. आज मात्र विमानयुगाच्या पहाटेची चित्रे डोळ्यांसमोर आणायची म्हटली, की जी छायाचित्रे आठवतात त्यांत या हौशी मुलाची छायाचित्रे अग्रभागी असतात.

लार्तिगचा जन्म १३ जून १८९४ रोजी पॅरिसजवळच्या कूर्बव्हा येथे एका सधन घराण्यात झाला. वडिलांना छायाचित्रणाचा मोठा नाद. थोरला भाऊ मोरिस, ज्याला घरी सारे झिसू म्हणत, तो धाडसी आणि खटपट्या होता. झाक मात्र शरीराने किरकोळ आणि नाजूक. मोठ्या मुलांच्या खेळात त्याला सहसा भाग मिळत नसे. त्याच्या वाट्याला बघ्याची भूमिका येई, आणि पुढे याच भूमिकेचे त्याने सोने केले.

लहानपणी त्याने स्वतःपुरता एक खेळ शोधून काढला होता. आवडलेल्या दृश्याकडे टक लावून पाहायचे, मग विशिष्ट रीतीने डोळे मिटायचे. म्हणजे ते दृश्य रंगागंधासह कायमचे आपल्यापाशी राहते, अशी त्याची श्रद्धा होती. या युक्तीला तो डोळ्यांचा सापळा म्हणे. एके दिवशी त्याच्या ध्यानात आले, की सापळा रिकामाच आहे. पकडलेले सारे विरून जात आहे. या गोष्टीचा त्याने इतका धसका घेतला, की तो आजारीच पडला. आनंदाचे क्षण निसटून जातील ही धास्ती त्याला जन्मभर पुरली. १९०२ साली वडिलांनी त्याला स्वतःचा कॅमेरा दिला, तेव्हा त्या धास्तीवर जणू औषधच मिळाले. तो लाकडी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, की भिंगापर्यंत पोहोचण्यासाठी या मुलाला स्टुलावर उभे राहावे लागे.

त्याच सुमारास जगात एक अद्भुत घडत होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राइट बंधूंनी इंजिनाचे विमान प्रथमच उडवले. त्या उड्डाणाचे जगप्रसिद्ध छायाचित्र कॅमेरा रोखून ठेवला होता ऑर्व्हिल राइटने, पण त्याचा खटका दाबला जॉन डॅनियल्स नावाच्या, किनाऱ्यावरील जीवरक्षक दलातल्या एका माणसाने. फ्रान्समधली मंडळी तेव्हा इंजिनाविना तरंगणाऱ्या ग्लायडरांवर प्रयोग करीत होती. १९०४ च्या वसंत ऋतूत मेर्लिमाँच्या समुद्रकिनाऱ्यावर गाब्रिएल व्वाझँ या तरुणाने वाळूच्या टेकडीवरून ग्लायडर झोकून दिला. ते दृश्य लार्तिगने टिपले. त्या वेळी त्याला दहावे वर्षही पुरे झाले नव्हते.

पुढे पॅरिसच्या सीमेवरचे इसी-ले-मुलिनो येथील लष्करी कवायतीचे मैदान हे वैमानिकांचे तीर्थक्षेत्र झाले. व्वाझँच्याच कारखान्यात तयार झालेल्या विमानातून आन्री फार्मां याने १३ जानेवारी १९०८ रोजी तेथे एक किलोमीटरची फेरी पुरी केली. तिला अवघा दीड मिनिट लागला, पण साऱ्या युरोपात त्याचा गाजावाजा झाला. दुसऱ्याच वर्षी, २५ जुलै १९०९ रोजी, लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली. शाळकरी वयाचा लार्तिग इसीच्या मैदानावर वरचेवर जाऊ लागला. विमान उडेल की नाही याचा भरवसा नसे. वारा पडेपर्यंत वाट पाहायची, इंजिन सुरू होईपर्यंत वाट पाहायची, आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतायचे, असा तो काळ होता.

त्या काळी उडते विमान टिपणे किती अवघड होते याची आज कल्पना येणार नाही. बहुधा काचेची पट्टी वापरावी लागे. एक चित्र घेतले, की पट्टी बदलल्यावाचून दुसरे घेता येत नसे. म्हणजे एका उड्डाणातून एकच क्षण निवडायचा, आणि तो येण्याआधीच ओळखायचा. हात आणि डोळा यांचा असा मेळ लार्तिगला सरावाने साधला होता. उड्या मारणारी भावंडे, धावणारी कुत्री, उंच उडालेला चेंडू हे त्याचे अभ्यासाचे विषय होते. घरच्या अंगणात जे शिकला, तेच त्याला विमानतळावर उपयोगी पडले.

त्याच्या विमानांच्या छायाचित्रांत एक गोष्ट मनात ठसते. आज विमानाचे चित्र म्हणजे निळ्या आकाशातले एकटे यंत्र. लार्तिगची विमाने मात्र जमिनीपासून फार लांब गेलेली नसतात. खाली टोपीवाले बघे असतात, धावणारी माणसे असतात. चाके आणि गवत यांच्यामधली थोडीशी पोकळी हाच त्या चित्रांचा खरा विषय. जमीन दिसली नाही तर उड्डाण कसे कळणार? आणि तोंड वर करून पाहणारी माणसे दिसली नाहीत, तर त्या उड्डाणाचे नवल तरी कसे कळणार?

याच जोडीला रूझा येथील छायाचित्रे पाहावीत. मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न प्रांतात लार्तिग कुटुंबाचा हा वाडा होता. तेथे झिसू स्वतः ग्लायडर बांधी, आणि त्यांना झेडवायएक्स असे नाव व क्रमांक देई. १९१० मधील एका छायाचित्रात झेडवायएक्स २४ हा ग्लायडर जमीन सोडतो आहे, आणि आजूबाजूची मंडळी त्याच्याबरोबर आपणही उडणार अशा आवेशात आहेत. जगाच्या दृष्टीने या उड्डाणाला काडीचे महत्त्व नव्हते. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने त्यासाठी एक पट्टीही खर्च केली नसती. त्याला विक्रम हवा, विजेता हवा. लार्तिगला तसे बंधन नव्हते. फार्मांचे विमान आणि भावाची खटपट, दोन्ही त्याने सारख्याच आस्थेने टिपली. व्यवसायाला बहुधा यशाच्या मागे जावे लागते. हौसेला अपयशाचाही लोभ असू शकतो. मला वाटते, लार्तिगचे मोठेपण येथे आहे.

हेच त्याच्या दुसऱ्या एका चित्राबाबत घडले. मोटारींच्या शर्यतीत भरधाव गाडीबरोबर कॅमेरा फिरवत त्याने ते घेतले होते. कॅमेऱ्याच्या झडपेची फट काचेवरून सरकत असताना गाडी पुढे गेल्यामुळे चाक तिरके, लंबगोल झाले आणि बघे उलट दिशेला कलले. फसलेले म्हणून त्याने ते बाजूला ठेवले. वेगाचे प्रतीक म्हणून आज तेच चित्र जगभर ओळखले जाते.

तरुणपणी त्याची काही छायाचित्रे क्रीडाविषयक सचित्र नियतकालिकांत छापून आली. व्यवसाय म्हणून त्याने निवडली ती मात्र चित्रकला. १९१५ साली त्याने पॅरिसच्या झ्युलियाँ कलाशाळेत नाव घातले आणि पुढे चित्रकार म्हणूनच तो वावरला. घरची श्रीमंती ओसरल्यावर ओढग्रस्तीचे दिवसही त्याने पाहिले. दरम्यान महायुद्ध झाले, विमान हे शस्त्र बनले, आणि मैदानावरचे ते निर्व्याज कौतुक संपले. तरी त्याची नजर आकाशावरून ढळली नाही. १९२२ साली काँबग्रास येथे ग्लायडरांची स्पर्धा भरली, तेव्हा तेथेही तो कॅमेऱ्यासह हजर होता. छायाचित्रे तो मोठमोठ्या आल्बमांत चिकटवी आणि रोजनिशीत दिवसाची हवासुद्धा नोंदवी. त्या आल्बमांकडे बाहेरच्या जगाचे फारसे लक्ष गेले नाही.

१९६२ साली तो पत्नीसह अमेरिकेला गेला. न्यूयॉर्क येथे चार्ल्स राडो या छायाचित्र-संस्थेच्या चालकाने त्याची जुनी चित्रे पाहिली आणि ती आधुनिक कला संग्रहालयाच्या जॉन झारकॉवस्की यांच्यापर्यंत पोहोचवली. १९६३ साली तेथे त्यांचे प्रदर्शन भरले. त्याच वर्षी लाइफ साप्ताहिकाने ती छापली, आणि योगायोग असा, की तोच अंक राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा वृत्तान्त घेऊन घरोघरी पोहोचला. एकोणसत्तराव्या वर्षी लार्तिग जगप्रसिद्ध झाला. पुढे १९७४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांचे अधिकृत छायाचित्र काढण्याचा मान त्यालाच मिळाला.

काहीही न शिकता केवळ दैवी देणगीने चित्रे काढणारा भाबडा बालक, अशी त्याची प्रतिमा तेव्हा रंगवली गेली. नंतरच्या अभ्यासकांनी तिला योग्य तो छेद दिला आहे. वडिलांचे मार्गदर्शन, उत्तम कॅमेरे आणि त्या काळची सचित्र क्रीडा नियतकालिके यांतून तो पुष्कळ शिकला होता. शिवाय हौसेला लागणारा मोकळा वेळ त्याला श्रीमंतीने दिला, हे विसरून चालणार नाही. मैदानावर घाम गाळणाऱ्या कारागिराच्या मुलाला अशी चैन परवडली नसती. पण साधने तर कितीतरी श्रीमंत मुलांपाशी होती. त्या साधनांना वर्षानुवर्षे निष्ठेने जुंपणारा लार्तिग एखादाच.

१९७९ साली त्याने आपला सारा संग्रह फ्रेंच राष्ट्राला अर्पण केला. त्यात सुमारे एक लाख छायाचित्रे आणि शंभराहून अधिक आल्बम होते. १२ सप्टेंबर १९८६ रोजी नीस येथे, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

आजही विमानतळांच्या कुंपणापाशी कॅमेरे घेऊन तासन्तास उभे राहणारे छांदिष्ट दिसतात. त्यांतल्या काहींचा तो व्यवसाय होतो. बहुतेकांचा होत नाही. छंदाचा शेवट नोकरीत झाला तरच तो सार्थकी लागला, असे मानणाऱ्यांनी लार्तिगचे चरित्र जरूर वाचावे. मोठ्यांच्या खेळात ज्याला कोणी घेतले नाही, त्या मुलाने तो खेळ नुसता मन लावून पाहिला. आणि खेळणारे सारे निघून गेल्यावर तो खेळ आपल्यासाठी उरला, तो त्याच्या पाहण्यामुळेच.