रंग न ओळखणारे डोळे आणि कुंडलचा माळ

पुण्याहून मिरजेकडे जाताना किर्लोस्करवाडी नावाचे रेल्वे स्थानक लागते. पूर्वी त्याला कुंडल रोड म्हणत. कुंडल हे त्या काळी औंध संस्थानातले गाव. स्थानकाजवळ निवडुंगाने भरलेला, सापांचा वावर असलेला उजाड माळ होता. १० मार्च १९१० रोजी त्या माळावर लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर आपला कारखाना घेऊन आले. त्यांच्या नांगरांविषयी आणि त्यांनी वसवलेल्या वाडीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. रमजानच्या या दिवसांत माणूस स्वतःच्या उणिवांकडे जरा निरखून पाहतो, म्हणून आज लक्ष्मणरावांच्या एका उणिवेविषयी लिहितो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रे काढायचा नाद होता. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. रेषेवर हात चांगला होता. पण रंगकामात गोंधळ होऊ लागला आणि दोनेक वर्षांत उलगडा झाला की त्यांना अंशतः रंगांधत्व आहे. चित्रकार व्हायचे स्वप्न तिथेच संपले.

या व्याधीची गंमत अशी की ती असलेल्याला कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही, अंधारही दिसत नाही. जग जसे दिसते तसेच ते आहे, अशी त्याची पुरती खात्री असते. दुसऱ्याने पाहिलेले आणि आपण पाहिलेले समोरासमोर ठेवल्यावरच चूक उमगते. म्हणजे आपल्याला काय दिसत नाही, हे आपलेच डोळे सांगू शकत नाहीत. ईदच्या चंद्राच्या बाबतीतही एकट्याच्या नजरेवर सहसा भागत नाही, निदान दोन विश्वासू माणसांची साक्ष घेण्याचा रिवाज आहे. त्यामागचे शहाणपण हेच असावे.

हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी प्रकाश आणि दृष्टी यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात नजरेच्या चुकांचा स्वतंत्र विचार केला. टॉलेमीसारख्या थोर विद्वानाविषयीच्या शंकाही त्यांनी वेगळ्या पुस्तकात मांडल्या. पुढे इंग्लंडमधले रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांना स्वतःलाच रंगांधत्व होते. त्यांनी १७९४ मध्ये त्यावर निबंध वाचला आणि डोळ्यातला द्रव निळसर असल्यामुळे असे होत असावे, असे अनुमान केले. तर्क बिनचूक वाटावा असाच होता. पण आपल्या मरणानंतर डोळे तपासावेत, असेही त्यांनी सांगून ठेवले. १८४४ मध्ये ते वारले, डोळा उघडून पाहिला तर द्रव स्वच्छ निघाला. अनुमान चुकले. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या तुकड्यावरून १९९५ मध्ये जनुकीय तपासणी झाली आणि खरे कारण हाती आले. आपले म्हणणे खोटे ठरवण्याचा मार्ग डाल्टन यांनी स्वतःच मोकळा ठेवला, म्हणून दीडशे वर्षांनी का होईना, उत्तर मिळाले.

लक्ष्मणरावांनी आपल्या डोळ्यांची मर्यादा ओळखली आणि ती मान्य केली. रंगांवर हट्ट धरला नाही, रंगांना नावेही ठेवली नाहीत. ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. तिथे मोजपट्टी होती, आणि एकाने घेतलेले माप दुसऱ्याला तपासता येत होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. तिथली बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला आले, भाऊ रामूअण्णांसोबत सायकलींचा धंदा केला, कडबा कापायचे यंत्र बनवले आणि मग लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने नव्या वस्तूवर शंका घ्यायचीच. शेवटी निकाल लागला तो शेतात. बांधावरच्या वादाने तो लागणारही नव्हता.

या गोष्टीला पुढचा भागही आहे. लोखंडाचे विष भिनते हा समज चुकीचा ठरला. पण जितकी खोल आणि जास्त नांगरट तितके चांगले, हा त्याच्या उलटचा विश्वासही तसाच टिकला नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत नांगरून मोकळ्या केलेल्या जमिनींवरून धुळीची वादळे उठली. नांगरटीने मातीची धूप वाढते, हे आज कृषिशास्त्रच सांगते आणि कमी नांगरटीची शेती सुचवते. म्हणून नांगर खोटा ठरत नाही. त्याच्याविषयीचे आपले ज्ञान त्या वेळी पुरे नव्हते, इतकेच. आजचेही पुरे असेलच असे नाही.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळची जमीन दिली. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. रंग सोडलेल्या माणसाला चित्रकाराने माळ दिला आणि त्यावर वसाहत उभी राहिली. तिथे अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीवर नेमले. हा काळ कसला होता? काही जमाती जन्मतःच गुन्हेगार असतात असे सरकार मानत होते आणि १८७१ पासून तसा कायदाच होता. त्या काळी त्या समजुतीला विद्येचा आधारही दिला जाई. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण तोवर किती पिढ्या पोलीस ठाण्यात हजेरी देत राहिल्या! खात्रीने बोलणाऱ्यांच्या चुकीची किंमत बहुधा दुसरेच मोजतात. लक्ष्मणरावांनी मात्र माणसाविषयीचा निकाल अखेरचा मानला नाही. कारखान्याच्या किल्ल्यांची काळजी ज्यांच्यावर सोपवली, त्यांच्यावर विश्वास टाकून पाहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यांच्या वाडीत बनलेले नांगर आणि पंप किती शेतांत पोहोचले, याची मोजदाद कठीण आहे. तरुणपणी त्यांना स्वतःच्याच डोळ्यांवर पुरता भरवसा ठेवता येत नाही हे कळले, आणि त्यानंतर त्यांनी प्रत्येक वस्तू करून, वापरून, दुसऱ्याकडून तपासून घेतली. इल्मबरोबर आजिजी यावी असे आपण म्हणतो. ती कशी दिसते हे पाहायचे असेल, तर कुंडलचा तो माळ फार दूर नाही.