दुर्गा खोटे : एकेक तबकडी जमवून पाहावी अशी कारकीर्द

दुर्गा खोटे हे नाव उच्चारले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक पांढऱ्या केसांची, भारदस्त, प्रेमळ आजी उभी राहते. 'बॉबी'मधली नातीला सांभाळणारी आजी, 'अभिमान'मधली मावशी, 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई. हे सारे खरेच, पण ती त्यांच्या कारकिर्दीची उत्तरार्धातली ओळख आहे. त्याआधीची तीस वर्षे त्या राणी होत्या, समुद्रावर राज्य करणारी चाचेण होत्या, निर्मात्या होत्या, आणि मराठी बोलपटाच्या अगदी पहिल्या नायिकांपैकी एक होत्या. ही पूर्वार्धातली दुर्गाबाई घरी बसून पाहायची, तर दुकानात त्यांच्या नावाचा तयार संच मागून मिळत नाही. तो एकेक तबकडी शोधून आपणच जमवावा लागतो. जुन्या सिनेमांच्या व्हीसीडी-डीव्हीडी हौसेने जमवणारी घरे आपल्या सुरतेच्या मराठी समाजात कमी नाहीत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या नातवंडांसाठी दुर्गाबाईंचे हे चरित्र.

दुर्गाबाईंचा जन्म 14 जानेवारी 1905 रोजी मुंबईत झाला. माहेरचे नाव विठा लाड. लाड घराणे मूळचे गोव्याकडचे आणि मुंबईत चांगले स्थिरावलेले. त्या काळच्या मुलींच्या मानाने त्यांचे शिक्षण फारच वरच्या दर्जाचे झाले. कॅथीड्रल हायस्कूल आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेज. विशीच्या आतच विश्वनाथ खोटे यांच्याशी लग्न झाले आणि विठा लाडची दुर्गा खोटे झाली. सासरही सुखवस्तू होते. बकुल आणि हरीन असे दोन मुलगे झाले. इथवरचे आयुष्य एखाद्या सुशिक्षित, श्रीमंत घरातल्या सुनेचे असावे तसेच होते.

मग सासरची सांपत्तिक स्थिती कोसळली. तिशी गाठण्याआधीच वैधव्यही आले. पदरात दोन लहान मुले आणि कमावणारे कोणी नाही, अशी वेळ आली. शिक्षण होते, इंग्रजी उत्तम होते, पण दोन मुलांना वाढवता येईल असे काम त्या काळी बाईला सहज मिळत नव्हते. सिनेमाचे काम आले ते अशा अडचणीत. 1931 मधल्या 'फरेबी जाल'मध्ये त्यांनी छोटीशी भूमिका केली. चित्रपटाचे नाव चांगले झाले नाही आणि घरंदाज बाई पडद्यावर गेली म्हणून लोकांनी नाके मुरडली. दुसरी एखादी तिथेच थांबली असती.

दुर्गाबाई थांबल्या नाहीत. कोल्हापूरच्या 'प्रभात'ने त्यांना बोलावले आणि व्ही. शांताराम यांच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामतीची भूमिका दिली. साल 1932. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. या भूमिकेचे महत्त्व समजायचे, तर थोडे मागे जावे लागते. 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामती करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडे नेसून ती भूमिका केली. त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या हे खरे, तरी सिनेमात काम करणे हे प्रतिष्ठित घरातल्या बाईला शोभणारे नाही, ही समजूत पुढे कितीतरी वर्षे टिकली. एकोणीस वर्षांनी तीच तारामती झेवियर्समध्ये शिकलेल्या, दोन मुलांच्या आईने साकारली आणि स्वतःच्या आवाजात गाऊन-बोलून गाजवली. तिच्यामागोमाग चांगल्या घरांतल्या मुलींना या क्षेत्राचे दार उघडले. संचातली पहिली तबकडी 'अयोध्येचा राजा'चीच हवी, ती यासाठी.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. शेजारी चित्ता बाळगणारी ही राणी लोकांच्या लक्षात राहिली. नंतर कलकत्त्याहून बोलावणे आले. देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (1933) मध्ये त्या मीरा होत्या आणि 'सीता' (1934) मध्ये सीता. राम होते पृथ्वीराज कपूर. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. परदेशी महोत्सवात पोहोचलेल्या अगदी पहिल्या भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते.

आणि इथेच जमवणाऱ्याच्या फळीवर मोकळी जागा राहते. 'सीता' आज कुठल्याही दुकानात, कुठल्याही किमतीला मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती नुसती जुनी होत नसे, ती पेटतही असे. 2003 च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुन्या रिळांची राख झाली. सुरतकरांना तर याची हळहळ अधिकच वाटावी. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकला. त्याची नायिका झुबेदा आपल्या सुरतेत जन्मलेली, पण आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. आपल्या गावच्या मुलीचा तो ऐतिहासिक आवाज आपण कधीच ऐकू शकणार नाही. 'अयोध्येचा राजा' मात्र वाचला. उपलब्ध असलेला सर्वात जुना मराठी बोलपट तोच.

'प्रभात' पुण्याला आल्यावर 1936 मध्ये 'अमर ज्योती' निघाला. माझ्या मते दुर्गाबाईंच्या संचातले हे रत्न. सौदामिनी नावाच्या बाईला राज्याचा कायदा तिच्या मुलापासून तोडतो, म्हणून ती बंड करते आणि समुद्रावर चाच्यांची टोळी उभी करते, अशी ही कथा. सोबतीला चंद्रमोहन, शांता आपटे आणि मास्टर कृष्णरावांचे संगीत. हाही चित्रपट व्हेनिसला दाखवला गेला. बाईचा तिच्या मुलावर हक्क आहे की नाही, हा प्रश्न जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी पडद्यावर विचारला गेला, आणि तो विचारणारी नटी प्रत्यक्षात एकट्याने दोन मुलगे वाढवत होती. हे ठाऊक असले की तो चित्रपट वेगळाच दिसतो.

त्या काळी नट-नट्या एका कंपनीच्या मासिक पगारावर असत. दुर्गाबाईंनी स्वतःला एकाच कंपनीला बांधून घेतले नाही. कोल्हापूर, पुणे, कलकत्ता, मुंबई, जिथे चांगली भूमिका तिथे त्या गेल्या. 1937 मध्ये 'साथी'ची निर्मिती करून त्या स्वतः निर्मात्या झाल्या. 1941 मध्ये आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'त त्यांनी खाष्ट सासू केली. वय अवघे छत्तीस, आणि नायिकेची जागा वनमालाबाईंची. नायिकेने सासू व्हायचे, म्हणजे आपले दिवस संपले असे मानले जाई. दुर्गाबाईंनी तसे मानले नाही. 'भरत मिलाप' (1942) मधली कैकेयी आणि सोहराब मोदींच्या 'पृथ्वीवल्लभ' (1943) मधली मृणालवती या भूमिका त्यानंतरच्या. 'पृथ्वीवल्लभ' ही मूळची कन्हैयालाल मुनशींची गुजराती कादंबरी. मुनशी आपल्या शेजारच्या भरूचचे. गुजराती साहित्यातली ती मानी राजकन्या पडद्यावर मराठी अभिनेत्रीने उभी केली, ही गुजरातेत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना जवळची वाटावी अशी गोष्ट आहे.

रंगभूमीवरही त्यांनी मनापासून काम केले. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई होत्या, तर 'मॅकबेथ'वरून शिरवाडकरांनी लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्येही त्या होत्या. 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. नाटकाची मात्र तबकडी नसते. ज्यांनी पाहिले त्यांच्याबरोबर ते गेले.

1960 च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये अकबर पृथ्वीराज आणि जोधाबाई दुर्गाबाई. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम-सीता आता वडीलधारे होऊन समोरासमोर आले होते. नवरा आणि मुलगा यांच्यात चिरडली जाणारी आई त्यांनी फार कमी शब्दांत दाखवली. हा चित्रपट घरोघरी असतोच. 2004 मध्ये तो रंगीत होऊन पुन्हा चित्रपटगृहांत आला. घेताना शक्यतो कृष्णधवल आणि रंगीत यांचा मूळ मिलाफ असलेली प्रत घ्यावी. 1963 चा 'द हाऊसहोल्डर' हा मर्चंट-आयव्हरी जोडीचा पहिला कथापट. त्यात शशी कपूरच्या आईची भूमिका दुर्गाबाईंची. तो परदेशी डीव्हीडीवर निघाला, पण मर्चंट-आयव्हरींच्या मालिकेत.

पुढच्या काळात 'आनंद', 'बावर्ची', 'नमक हराम', 'बॉबी', 'कर्ज' असे चित्रपट आले. 'खिलौना' (1970) मध्ये तर आपल्या सुरतेच्या जरीवाला घराण्यातले संजीवकुमार आणि दुर्गाबाई एकत्र आहेत. 'बिदाई'साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले, तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या. हे चित्रपट सहज मिळतात, पण वेष्टणावर नाव आणि चित्र नायकाचे. दुर्गाबाईंना शोधायचे तर मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावी लागतात.

ग्रेटा गार्बो ही हॉलिवूडची महान नटी दुर्गाबाईंच्याच वर्षी, 1905 मध्ये जन्मली. तिने छत्तिसाव्या वर्षी सिनेमा सोडला. 2005 मध्ये तिची जन्मशताब्दी आली, तेव्हा वॉर्नर कंपनीने तिचे चित्रपट एका देखण्या पेटीत डीव्हीडीवर आणले. ज्या वयात गार्बो घरी बसली, त्याच वयात दुर्गाबाईंनी सासू केली आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे काम केले. पण त्यांचे काम इतक्या कंपन्यांत आणि भाषांत विखुरले आहे की त्यांची पेटी कोणी बांधली नाही. कुणा एकाची बांधील नसणे हे त्यांच्या स्वाभिमानाचे फळ, आणि संच नसणे ही त्याचीच किंमत.

पडद्यामागेही त्या थांबल्या नाहीत. लघुपट, जाहिरातपट, माहितीपट काढले. दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' आपण सर्वांनी पाहिली आहे, ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. धाकटा मुलगा हरीन ऐन उमेदीत गेला, ते दुःखही त्यांनी पचवले. 1968 मध्ये पद्मश्री मिळाली. 1982 मध्ये 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र आले, पुढे शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा सन्मान मराठी बोलपटाच्या तारामतीला मिळाला. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचे निधन झाले. 2013 मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

ज्यांना संच करायचा आहे, त्यांनी चारपासून सुरुवात करावी : 'अयोध्येचा राजा', 'अमर ज्योती', 'मुघल-ए-आझम' आणि 'बिदाई'. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून आणि आपल्या पावसाळी दमटपणापासून जपाव्यात, आणि शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवाव्यात. 2006 च्या तापीच्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटांतले काय काय गेले, ते सुरतकरांना सांगायला नको. चालणारा प्लेअर घरात असेल, तर तो भंगारात देऊ नये. मुख्य म्हणजे, नुसते जमवून फळीवर ठेवू नये. गणपतीच्या दिवसांत मुले, सुना, नातवंडे एकत्र येतात, त्यातल्या एका संध्याकाळी 'अमर ज्योती' लावावा. 'बॉबी'ची आजी एके काळी समुद्रावर राज्य करत होती, हे नातवंडांना कळू द्यावे.

गणपती बाप्पा मोरया!