लिव्हिंगस्टन साहेबांचा डावा हात

डेव्हिड लिव्हिंगस्टन हे वैद्य व मिशनरी १८४१ साली आफ्रिकेत गेले. रानांतून पायी चालावें व पशुपक्षी न्याहाळून टिपून ठेवावे, हा त्यांचा परिपाठ असे. मधाचें पोळें दाखविणारा पक्षी व गुरें मारणारी त्सेत्से माशी यांचें त्यांनी वर्णन केलें आहे. १८४४ साली माबोत्सा येथे सिंहाने त्यांच्या डाव्या दंडाचें हाड चिरडलें. मेबाल्वे नामक आफ्रिकन शिक्षकाने स्वतः घायाळ होऊन त्यांस वाचविलें. १८७३ साली ते वारले. नाशिकास शिकलेला जेकब वेनराइट, तसेच सूसी, चूमा इत्यादि सोबत्यांनी त्यांचा देह समुद्रकाठापर्यंत वाहून नेला. लंडनांत त्या मोडक्या हाडावरून तो ओळखला गेला. वाचकहो, साहेबांस स्मरतांना या सोबत्यांस आम्ही कसे विसरावें?