चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँक्लिन केटरिंग (२९ ऑगस्ट, १८७६ – २५ नोव्हेंबर, १९५८) हे अमेरिकन अभियंता व संशोधक होते. हँडल न मारता मोटारीचे इंजिन विजेवर सुरू करणाऱ्या स्टार्टरचे जनक म्हणून ते ओळखले जातात. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याच्या प्रथेचा उगमही त्यांच्याच प्रयोगशाळेत झाला.

पूर्वायुष्य

केटरिंग यांचा जन्म ओहायो राज्यातील लाउडनव्हिलजवळ शेतकरी कुटुंबात झाला. काही काळ त्यांनी खेड्यातील शाळेत शिकवले. डोळ्यांच्या विकारामुळे महाविद्यालयीन शिक्षण मध्येच सुटले, तेव्हा दूरध्वनीच्या तारा टाकणाऱ्या पथकात त्यांनी काम केले. १९०४ साली ते विद्युत अभियंता झाले आणि डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत रुजू झाले. दुकानातील रोकड नोंदवणारे यंत्र हाताने फिरवावे लागे. त्यांनी त्याला विजेची मोटर जोडली.

विजेचा स्टार्टर

त्या काळी मोटार सुरू करणे जिकिरीचे होते. इंजिन फिरू लागले म्हणजे दट्ट्याच्या ओढीने कार्बोरेटरमधून हवा वाहते व ती पेट्रोल शोषून घेते. हँडल संथ फिरले तर ही ओढ अपुरी पडे. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नसे, म्हणून चोक ओढून हवा कमी करावी लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरून मनगट मोडे.

कॅडिलॅक कंपनीचे हेन्री लीलँड यांनी यावर उपाय मागितला. इंजिन फिरवण्याइतकी मोटर गाडीत मावणार नाही, असा तज्ज्ञांचा समज होता. रोकड यंत्राचा अनुभव केटरिंग यांच्या कामी आला: काही क्षणच चालायची असेल, तर लहान मोटरही मोठा भार पेलते. इंजिन सुरू झाल्यावर तीच मोटर जनित्र होऊन बॅटरी भारित करी. एडवर्ड डीड्स यांच्यासह त्यांनी १९०९ साली स्थापन केलेल्या डेल्को कंपनीने बनवलेला हा स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांत बसवण्यात आला.

शिसेयुक्त पेट्रोल

इंजिनात ठोके पडू लागले तेव्हा दोष केटरिंग यांच्या बॅटरीवरील प्रज्वलन पद्धतीला दिला गेला. दोष इंधनात आहे, अशी त्यांची खात्री होती आणि ती खरी ठरली. त्यांचे सहकारी टॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हा उपाय सापडला. अल्कोहोलनेही ठोके थांबतात, हे प्रयोगशाळेला ठाऊक होते. परंतु शिसे अत्यल्प लागे व त्याचे एकस्व घेता येई. १९२४ साली न्यू जर्सीतील कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले. तरीही केटरिंग या इंधनाच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या कर्तृत्वाची ही बाजू बहुतेक चरित्रांत ओझरतीच येते.

१९२० ते १९४७ या काळात ते जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख होते. न्यूयॉर्कमधील कर्करोग संशोधन संस्थेला १९४५ साली आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांचे नाव देण्यात आले. डेटनजवळ त्यांचे निधन झाले. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. ते सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियात थांबले.