हेन्री जॉन हाइन्झ

हेन्री जॉन हाइन्झ (जन्म : बर्मिंगहॅम, पेनसिल्व्हेनिया, ११ ऑक्टोबर, इ.स. १८४४, मृत्यू : पिट्सबर्ग, १४ मे, इ.स. १९१९) हे अमेरिकन उद्योजक आणि एच.जे. हाइन्झ कंपनीचे संस्थापक होते. लोणची, व्हिनेगर, मोहरीची चटणी, टोमॅटो केचप यांसारखी तोंडीलावणी कारखान्यात तयार करून बाटलीबंद स्वरूपात विकण्याचा मोठा उद्योग त्यांनी उभारला. अन्नपदार्थांतील भेसळीला आळा घालणाऱ्या इ.स. १९०६ च्या अमेरिकन कायद्याला उघड पाठिंबा देणाऱ्या मोजक्या बड्या उत्पादकांत त्यांची गणना होते.

जन्म आणि बालपण

हाइन्झ यांचे आईवडील जर्मनीतून अमेरिकेत येऊन स्थायिक झाले होते. वडील विटांच्या व्यवसायात होते. आई धर्मनिष्ठ ल्यूथरपंथीय होती आणि मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी तिची इच्छा होती. हेन्री लहान असतानाच हे कुटुंब पिट्सबर्गजवळील शार्प्सबर्ग या गावी राहावयास गेले. तेथे घरामागील मळ्यात पिकणारी जादा भाजी हेन्री शेजारीपाजारी विकत असे. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्याकडे सुमारे ३.५ एकरांचा मळा व माल नेण्यासाठी घोडागाडी होती. पुढे त्यांनी पिट्सबर्ग येथील डफ यांच्या वाणिज्य विद्यालयात हिशेबनिसीचे शिक्षण घेतले आणि वडिलांच्या व्यवसायातही काम केले.

काचेची पारदर्शक बाटली

हॉर्सरॅडिश ही मोहरीच्या कुळातील एक झणझणीत मुळी आहे. ती किसून व्हिनेगरमध्ये मुरवली म्हणजे मांसाबरोबर खाण्याची तिखट चटणी तयार होते. घरी मुळी किसताना डोळ्यांची व हातांची आग होत असल्याने तयार चटणीला चांगली मागणी होती. मात्र अनेक विक्रेते तीत सलगम किंवा अन्य स्वस्त कंद मिसळीत आणि ही भेसळ झाकण्यासाठी गडद रंगाच्या बाटल्या वापरीत. हाइन्झ यांनी आपली चटणी पारदर्शक बाटल्यांत भरली, त्यामुळे आतील माल ग्राहकाला प्रत्यक्ष पाहता येऊ लागला.

इ.स. १८६९ मध्ये एल. क्लॅरेन्स नोबल यांच्या भागीदारीत त्यांनी या मालाचा व्यवसाय सुरू केला. त्याच वर्षी सारा स्लोन यंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

दिवाळखोरी आणि कर्जफेड

इ.स. १८७३ मध्ये अमेरिकेत मोठे आर्थिक संकट आले आणि बँकांकडून कर्ज मिळणे दुरापास्त झाले. अशा वेळी हाइन्झ यांच्या कंपनीने शेतकऱ्यांची काकडी ठरावीक दराने विकत घेण्याचे करार केले होते. इ.स. १८७५ मध्ये काकडीचे पीक अमाप आले. कराराप्रमाणे सर्व माल घेणे भाग होते, पण त्यासाठी रोख रक्कम उरली नव्हती. वर्षअखेरीस कंपनीचे दिवाळे निघाले. हाइन्झ यांच्या आईवडिलांनाही त्याची झळ पोहोचली.

इ.स. १८७६ मध्ये भाऊ जॉन आणि चुलतभाऊ फ्रेडरिक यांच्या नावाने ‘एफ. अँड जे. हाइन्झ’ ही नवी कंपनी स्थापन झाली. दिवाळखोर ठरल्यामुळे हेन्री यांना मालक म्हणून नाव लावता येत नव्हते. ते पगारी व्यवस्थापक म्हणून काम पाहू लागले. दिवाळखोरीनंतर जुनी देणी पूर्णपणे फेडण्याचे कायदेशीर बंधन त्यांच्यावर नव्हते. तरीही ती आपली नैतिक जबाबदारी आहे असे मानून त्यांनी धनकोंची नावे व रकमा एका वहीत नोंदविल्या आणि पुढील वर्षांत टप्प्याटप्प्याने त्या चुकत्या केल्या. इ.स. १८८८ मध्ये भावाचा हिस्सा विकत घेऊन त्यांनी कंपनीला एच.जे. हाइन्झ कंपनी हे नाव दिले.

उद्योगाचा विस्तार आणि जाहिरात

इ.स. १८८६ च्या इंग्लंड भेटीत हाइन्झ आपल्या मालाचे नमुने घेऊन लंडनमधील फोर्टनम अँड मेसन या प्रतिष्ठित दुकानात गेले आणि त्या दुकानाने त्यांचा माल विक्रीस घेतला. इ.स. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांचा कक्ष वरच्या मजल्यावर असल्याने तिकडे फारसे कोणी फिरकत नव्हते. तेव्हा कक्षात येणाऱ्यास काकडीच्या लोणच्याच्या आकाराची छोटी भेटवस्तू देण्याची योजना त्यांनी आखली आणि तेथे गर्दी लोटली. इ.स. १८९६ मध्ये न्यू यॉर्कमधील रेल्वेप्रवासात पादत्राणांच्या २१ प्रकारांची जाहिरात पाहून त्यांना ‘५७ प्रकार’ हे घोषवाक्य सुचले. त्या वेळी कंपनीची उत्पादने ६० पेक्षा अधिक होती. ५७ हा आकडा केवळ लक्षात राहण्याजोगा म्हणून निवडला गेला.

पिट्सबर्गच्या कारखान्यात मोठ्या संख्येने तरुण स्त्रिया काम करीत. त्यांच्यासाठी भोजनगृह, स्नानगृहे व गच्चीवरील बाग अशा सोयी होत्या आणि अन्न हाताळणाऱ्या स्त्रियांच्या हातांच्या व नखांच्या निगेचीही व्यवस्था होती. या सोयींची त्या काळी प्रशंसा झाली. मात्र भेट देणाऱ्या लोकांना कारखाना दाखविण्याची प्रथा असल्याने ही स्वच्छता हाच जाहिरातीचाही भाग बनला होता.

केचप आणि शुद्ध अन्नाचा कायदा

केचप या शब्दाचे मूळ आग्नेय आशिया व दक्षिण चीनमधील मासळीच्या आंबवलेल्या रसाशी जोडले जाते. इंग्लंडमध्ये अळंबी व अक्रोडापासून केचप होत असे; टोमॅटोचे केचप अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. हाइन्झ यांच्या कंपनीने ते इ.स. १८७६ मध्ये बाजारात आणले. त्या काळी अनेक उत्पादक डबाबंद टोमॅटोच्या कारखान्यातील साली व टाकाऊ भाग वापरीत. असा माल लवकर आंबत असल्याने त्यात सोडियम बेंझोएटसारखी परिरक्षक रसायने घातली जात आणि लालपणासाठी कृत्रिम रंग मिसळला जाई.

शासकीय रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांनी अशा रसायनांविरुद्ध मोहीम उघडली. बहुतेक उत्पादकांचे म्हणणे होते, की बेंझोएटशिवाय केचप टिकणे अशक्य आहे. हाइन्झ यांच्या कारखान्यात पूर्ण पिकलेले टोमॅटो, अधिक व्हिनेगर व अधिक साखर यांचा वापर आणि काटेकोर स्वच्छता यांच्या आधारे परिरक्षकाविना टिकणारे केचप तयार करण्यात आले. ते महाग पडे. चवीला आंबटगोड आणि दाट असे. इ.स. १९०६ मध्ये शुद्ध अन्न व औषध कायदा संमत झाला. त्यातून लहान प्रतिस्पर्ध्यांची अडचण होऊन हाइन्झ यांचा व्यापारी लाभ होणार होता, अशी टीकाही झाली. इ.स. १९०९ मध्ये तज्ज्ञांच्या मंडळाने अल्प प्रमाणातील बेंझोएट हानिकारक नसल्याचा निर्वाळा दिला आणि त्याचा वापर कायदेशीर राहिला. म्हणजे या वादात कायद्याचा कौल हाइन्झ यांच्या बाजूने लागला नाही. तरी ग्राहकांनी परिरक्षकाविना केलेले दाट केचपच पसंत केले आणि पुढे तीच केचपची सर्वमान्य पद्धत ठरली.

मृत्यू आणि वारसा

हाइन्झ यांनी ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या रविवारच्या शाळांसाठी आयुष्यभर काम केले. इ.स. १९१९ मध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर पुत्र हॉवर्ड यांनी कंपनीची धुरा सांभाळली. आईच्या स्मरणार्थ पिट्सबर्ग विद्यापीठात वास्तू उभारण्याची त्यांची इच्छा होती. त्यांच्या अपत्यांनी ती पूर्ण केली आणि हाइन्झ स्मारक चॅपल इ.स. १९३८ मध्ये खुले झाले. इ.स. २०१५ मध्ये त्यांची कंपनी आणि क्राफ्ट ही कंपनी यांचे विलीनीकरण होऊन क्राफ्ट हाइन्झ कंपनी अस्तित्वात आली. ‘५७’ हा आकडा आजही तिच्या केचपच्या बाटलीवर आढळतो.